विश्लेषण : युवा फुटबॉलपटू घडवण्यासाठी भारताने ‘साफ’ सोडावे का?

मनीषनगर, बेसा, बेलतरोडी या पट्ट्यात संध्याकाळ झाली की भाड्याच्या टर्फवरचे दिवे लागतात. शिकवणी आटोपून आलेली बारा-चौदा वर्षांची मुले तासाभरासाठी फुटबॉल खेळतात, वेळ संपली की पुढच्या गटाला जागा देतात. यातल्या एखाद्या मुलाला उद्या भारताच्या १७ वर्षांखालील संघात जायचे असेल, तर त्याचा रस्ता कुठून जातो? या प्रश्नाचे एक उत्तर सध्या फुटबॉलप्रेमींमध्ये वारंवार ऐकू येते : भारताने दक्षिण आशियातील दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांची संगत सोडावी आणि दुसऱ्या, ताकदवान देशांच्या गटात जावे, मोठ्यांशी खेळल्याशिवाय मुले मोठी होणार नाहीत. हा उपाय खरेच लागू पडेल का? ज्या देशांनी तो केला, त्यांच्या हाती काय आले? आणि नागपूरच्या मुलाला त्यातून काय मिळेल?

चर्चा आत्ताच का?

निमित्त आहे २०२७ च्या आशियाई करंडकाच्या पात्रता फेरीचे. भारताच्या गटात हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश होते. कागदावर हा गट सोपा वाटत होता. प्रत्यक्षात मार्च २०२५ मध्ये शिलाँगला बांगलादेशाशी ०-० अशी बरोबरी झाली, जूनमध्ये हाँगकाँगकडून ०-१ असा पराभव झाला. ऑक्टोबरमध्ये सिंगापुरात १-१ अशी बरोबरी साधल्यावर मडगावच्या मैदानावर त्याच सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि सौदी अरेबियाचा रस्ता बंद झाला. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशाने १-० असा विजय मिळवला. २००३ नंतर त्यांनी भारताला प्रथमच नमवले. पाच सामने, दोन गुण.

त्याच काळात इंडियन सुपर लीगचा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही. एरवी सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणाऱ्या या लीगसाठी फेब्रुवारी २०२६ उजाडावे लागले. अशा वेळी ‘आपण चुकीच्या गटात आहोत’ हे स्पष्टीकरण पटकन पटते. त्याचा फायदा असा की दोष बाहेरच्या रचनेवर जातो आणि उपाय एका ठरावात करता येतो.

महासंघ आणि उपमहासंघ यांत फरक काय?

‘फिफा’चे २११ सदस्य सहा खंडीय महासंघांत विभागलेले आहेत. भारत आशियाई फुटबॉल महासंघात, म्हणजे ‘एएफसी’त आहे. १९५४ मध्ये मनिला येथे स्थापन झालेल्या या महासंघाचा भारत संस्थापक सदस्य. विश्वचषक, आशियाई करंडक, १७ आणि २० वर्षांखालील विश्वचषक या सगळ्यांची पात्रता याच स्तरावर ठरते.

‘एएफसी’चे ४७ सदस्य पुन्हा पाच विभागांत वाटले गेले आहेत : पश्चिम, मध्य, दक्षिण, आग्नेय आणि पूर्व आशिया. दक्षिण आशियाचा उपमहासंघ म्हणजे ‘साफ’. त्यात भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका आणि मालदीव असे सात देश आहेत. मध्य आशियाचा उपमहासंघ म्हणजे ‘काफा’. त्यात इराण, उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, किरगिझस्तान, तुर्कमेनिस्तान आणि अफगाणिस्तान आहेत.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण चर्चेत दोन्ही गोष्टी एकत्र केल्या जातात. उपमहासंघ बदलला तरी विश्वचषकाच्या किंवा आशियाई करंडकाच्या पात्रतेत काहीच बदलत नाही. जपान, कोरिया, इराण, सौदी यांच्याशी गाठ आहे तशीच राहते. बदलते ती फक्त मधल्या काळातील प्रादेशिक स्पर्धा.

नियम काय सांगतात?

खंडीय महासंघ बदलणे जवळपास अशक्य आहे. एखादा देश भौगोलिकदृष्ट्या ज्या खंडात आहे, त्याबाहेरच्या महासंघात जाण्यासाठी अपवादात्मक परिस्थिती लागते, ‘फिफा’ची मंजुरी लागते आणि संबंधित महासंघाचे मत घ्यावे लागते. इस्रायलला १९७४ मध्ये आशियातून बाहेर काढण्यात आले आणि १९९४ मध्ये तो ‘युएफा’चा पूर्ण सदस्य झाला; त्यामागे राजकारण होते, युवा विकास नव्हता. भारतापुढे अशी कोणतीही परिस्थिती नाही.

ओशिआनियाचे उदाहरणही अधूनमधून दिले जाते. २०२५ पासून ४८ संघांच्या झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात ओशिआनियाला तीन जागा आहेत आणि त्या २०२५ मध्ये न्यूझीलंड, न्यू कॅलेडोनिया आणि फिजी यांना मिळाल्या. हे पाहून मोह होतो. पण आशियाच्या वाट्यालाही आता आठ जागा आहेत, यजमान कतार वेगळा. म्हणजे १६ संघांच्या आशियाई स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरी गाठली की विश्वचषक. २०१८ मध्ये १६ वर्षांखालील भारतीय संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला होता आणि दक्षिण कोरियाकडून केवळ ०-१ असा हरला. तेव्हाच्या नियमांनुसार विश्वचषक एका विजयाने हुकला. आजच्या नियमांत तीच कामगिरी पुरेशी ठरली असती.

त्यामुळे खरा पर्याय उरतो तो उपमहासंघ बदलण्याचा. तशी वाट अस्तित्वात आहे. २००५ मध्ये ‘साफ’मध्ये आलेल्या अफगाणिस्तानने २०१३ मध्ये भारताला २-० असे हरवून विजेतेपद मिळवले आणि नंतर ‘काफा’ची वाट धरली. भारतानेही तसे करावे, असा हा आग्रह आहे.

ऑस्ट्रेलियाला काय मिळाले?

महासंघ बदलण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. ओशिआनियात त्यांना प्रतिस्पर्धीच नव्हते. २००१ मध्ये त्यांनी अमेरिकन सामोआला ३१-० असे हरवले, त्यात आर्ची थॉम्पसनचे एकट्याचे १३ गोल होते. असे सामने जिंकून काही शिकता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. १ जानेवारी २००६ पासून ऑस्ट्रेलिया आशियात आला. वरिष्ठ संघाला फायदा झाला : नियमित कठीण सामने मिळाले, २०१५ मध्ये घरच्या मैदानावर आशियाई करंडकही जिंकला.

युवा संघांची गोष्ट मात्र वेगळी आहे. ओशिआनियात असताना ऑस्ट्रेलियाने १९९१ आणि १९९३ च्या २० वर्षांखालील विश्वचषकांत चौथा क्रमांक मिळवला होता. १९९९ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ते ब्राझीलकडून पेनल्टीवर हरले. म्हणजे शेजारी दुबळे असतानाही मुले घडत होती. आशियात आल्यावर २०१३ नंतर सलग चार वेळा त्यांचा २० वर्षांखालील संघ विश्वचषकाला पात्रच ठरला नाही. आशियाई स्पर्धेचे या वयोगटातील पहिले विजेतेपद त्यांना २०२५ मध्ये मिळाले, महासंघ बदलल्यानंतर एकोणीस वर्षांनी.

याचा अर्थ निर्णय चुकला असा नाही. अर्थ इतकाच की कठीण प्रतिस्पर्धी मिळणे आणि मुले तयार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट कागदावरच्या सहीने होते. दुसरीला ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत देशालाही जवळपास दोन दशके लागली.

एक शेजारी गेला, एक राहिला

याहून बोलकी तुलना मध्य आशियात आहे. कझाकस्तान आणि उझबेकिस्तान हे लागून असलेले देश. दोघांचाही फुटबॉलचा वारसा सोव्हिएत काळातला. कझाकस्तान २००२ मध्ये आशिया सोडून युरोपात गेला. उझबेकिस्तान आशियातच राहिला.

कझाकस्तानला काही मिळालेच नाही असे म्हणता येणार नाही. तिथल्या कैरात अल्माटी क्लबने २०२५ मध्ये सेल्टिकला पेनल्टीवर हरवून चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीत प्रवेश केला आणि रेआल माद्रिदसारखा संघ अल्माटीत खेळून गेला. याच क्लबच्या दास्तान सातपाएव या किशोरवयीन आघाडीवीराशी चेल्सीने करार केला. पण दोन दशकांनंतरही कझाकस्तानचा वरिष्ठ संघ एकदाही युरो किंवा विश्वचषकाला पात्र ठरलेला नाही.

उझबेकिस्तानने १७ वर्षांखालील आशियाई विजेतेपद २०१२ आणि २०२५ मध्ये, २३ वर्षांखालील विजेतेपद २०१८ मध्ये आणि २० वर्षांखालील विजेतेपद २०२३ मध्ये मिळवले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांचा संघ होता. जून २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीशी ०-० अशी बरोबरी साधून तो इतिहासात प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरला. बचावपटू अब्दुकोदिर खुसानोव्ह ताश्कंदच्या अकादमीतून बेलारूस, तिथून फ्रान्स आणि जानेवारी २०२५ मध्ये मँचेस्टर सिटी असा पोहोचला.

त्यांनी काय केले? अकादम्या उभ्या केल्या आणि तरुणांना मोठ्यांच्या लीगमध्ये खेळायला लावले. युवा खेळाडूंचा ‘ऑलिंपिक’ हा संघच देशातील अव्वल लीगमध्ये उतरवला. खुसानोव्हसारख्या मुलांना अठराव्या वर्षी परदेशातील छोट्या क्लबात जाऊ दिले, जिथे बाकावर बसण्याऐवजी खेळायला मिळेल. गंमत म्हणजे ज्या ‘काफा’त भारताने जावे असे सुचवले जाते, त्या सहा देशांत इराण सोडला तर उझबेकिस्तानच्या तोडीचा प्रतिस्पर्धी नाही. त्यांना ‘काफा’ने मोठे केले नाही, ते मोठे झाल्यामुळे ‘काफा’ आज ताकदवान दिसतो.

मग ‘साफ’चा उपयोग काय?

‘साफ’वरची टीका निराधार नाही. पुरुषांची साफ स्पर्धा भारताने नऊ वेळा जिंकली आहे. २०२३ मध्ये बंगळूरुत झालेल्या स्पर्धेनंतर २०२५ मध्ये अपेक्षित असलेली स्पर्धा पुढे ढकलावी लागली. वेळापत्रक बेभरवशाचे, सामन्यांचा दर्जा असमान. अफगाणिस्तानचा १७ वर्षांखालील संघ ‘काफा’त गेल्यानंतर २०२३ आणि २०२५ अशा सलग दोन आशियाई स्पर्धांना पात्र ठरला, हेही टीकाकार दाखवून देतात. अर्थात २०२३ मध्ये ‘साफ’मध्ये राहूनही भारत त्याच स्पर्धेत होता.

वयोगटांच्या पातळीवर चित्र आणखी वेगळे दिसते. सप्टेंबर २०२५ मध्ये कोलंबोत १७ वर्षांखालील साफ स्पर्धा झाली. बिबियानो फर्नांडिस यांच्या मार्गदर्शनाखालील भारतीय संघ तीन गटसामने, उपांत्य आणि अंतिम असे पाच सामने खेळला. पाकिस्तानविरुद्ध ३-२ अशी निसटती झुंज द्यावी लागली, अंतिम सामन्यात बांगलादेशाशी २-२ अशी बरोबरी होऊन निकाल पेनल्टीवर लागला. दोन महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये अहमदाबादला आशियाई पात्रता फेरी झाली. गटातून एकच संघ पुढे जाणार होता. लेबनॉनकडून हरल्यानंतर शेवटच्या सामन्यात भारताला इराणला हरवणे भाग होते, आणि मुलांनी ते २-१ असे केले. भारत २०२६ च्या आशियाई स्पर्धेला पात्र ठरला.

पेनल्टीच्या दडपणात उभे राहणे हे या वयोगटाने कोलंबोत अनुभवले होते. दक्षिण आशियातील सामने वरिष्ठ संघाला कमी पडत असतील. सोळा वर्षांच्या मुलासाठी ती पहिली पायरी आहे. महिला फुटबॉलमध्ये तर ‘साफ’ सोपीही राहिलेली नाही : २०२२ आणि २०२४ ची विजेतेपदे बांगलादेशाने नेली आणि तो संघ पुढे आशियाई करंडकालाही पात्र ठरला.

पाहुणे म्हणून खेळता येते का?

येते, आणि भारत तसा खेळलाही आहे. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये ताजिकिस्तान आणि उझबेकिस्तानात ‘काफा नेशन्स कप’ झाला. मलेशियाने माघार घेतल्यामुळे भारताला निमंत्रण मिळाले. खालिद जमील यांची प्रशिक्षक म्हणून ती पहिलीच स्पर्धा. भारताने यजमान ताजिकिस्तानला २-१ असे हरवले, इराणकडून ०-३ अशी हार पत्करली, अफगाणिस्तानशी ०-० अशी बरोबरी साधली आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ओमानला १-१ अशा बरोबरीनंतर पेनल्टीवर नमवले. यासाठी सदस्यत्व बदलावे लागले नाही, कोणाशी वाकडे घ्यावे लागले नाही.

उलट बाजूनेही हे घडते. २०२३ च्या साफ स्पर्धेत कुवेत आणि लेबनॉन पाहुणे म्हणून आले होते; भारताने अंतिम सामना कुवेतविरुद्धच पेनल्टीवर जिंकला. म्हणजे तगडे प्रतिस्पर्धी हवे असतील तर दार उघडे आहे. हीच सोय १७ आणि २० वर्षांखालील संघांसाठी दरवर्षी, आधीपासून ठरवून करता येईल. दिल्लीहून ताश्कंद विमानाने साधारण तीन तासांवर आहे.

हे उत्साहवर्धक असले तरी एक गोष्ट विसरता येत नाही. ‘काफा’त तिसरे आलेल्या याच संघाने पुढच्या महिन्यात मडगावला सिंगापूरकडून हार पत्करली. चार चांगले सामने हा बंद पडलेल्या लीगला पर्याय होऊ शकत नाही.

नागपूरच्या मुलाला काय फरक पडेल?

आता साधा हिशेब करू. १७ वर्षांखालील राष्ट्रीय संघात २३ खेळाडू असतात. ‘साफ’चे पाच, पात्रता फेरीचे चार आणि आशियाई स्पर्धेचे किमान तीन असे धरले, तर यशस्वी वर्षात बारा स्पर्धात्मक आंतरराष्ट्रीय सामने होतात. भारत ‘काफा’त गेला तर यातले पाच सामने बदलतील. पात्रता फेरी आणि आशियाई स्पर्धा तशीच राहील. म्हणजे या सगळ्या वादातून देशभरातील २३ मुलांचे वर्षातले पाच सामने वेगळे होणार आहेत. ते पाच सामने अधिक कठीण असणे चांगलेच. पण त्याला ‘युवा विकास’ म्हणणे जरा जास्त होते.

या २३ जणांमध्ये पोहोचण्याआधी मुलगा काय खेळतो, हे पाहावे लागते. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात आणि बहुतेक वेळा बाद पद्धतीने होतात. हरला की वर्ष संपले. समजा एखाद्या जिल्ह्यात ६४ शाळांचे संघ उतरले. बाद पद्धतीत एकूण ६३ सामने होतील. ३२ संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातील, आणखी १६ संघ दुसऱ्या सामन्यानंतर. म्हणजे ६४ पैकी ४८ संघांचे, दर चारपैकी तिघांचे, वर्ष एक किंवा दोन सामन्यांत आटोपते.

अशा रचनेत प्रशिक्षकही प्रयोग करत नाही. हरायचे नसते म्हणून वयाने आणि शरीराने मोठी मुले खेळवली जातात, चेंडू पुढे उडवला जातो. बारीक चणीचा, चेंडूवर हुकमत असलेला मुलगा बाकावर बसतो. तेरा ते सतरा ही चार वर्षे अशी गेली, तर पुढे कोणत्याही उपमहासंघातला कोणताही सामना ती भरून काढू शकत नाही.

आता हेच ६४ संघ आठ-आठच्या आठ गटांत विभागले आणि प्रत्येकाने गटातील बाकी सात संघांशी एकदा खेळायचे ठरवले, तर प्रत्येक मुलाला किमान सात सामने मिळतात. एकूण सामने २२४. चार मैदानांवर रविवारी प्रत्येकी चार सामने घेतले, तर चौदा रविवारांत सगळे संपतात. नागपुरात पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर ते जानेवारीच्या अखेरीपर्यंत सतरा-अठरा रविवार मिळतात. परीक्षाही अडत नाहीत आणि उन्हाळाही. खर्च लागतो तो मैदान, पंच, प्रथमोपचार आणि वेळापत्रक सांभाळणाऱ्या माणसांवर.

हा प्रयोग देशाने करून पाहिलेला नाही का?

‘मोठ्यांशी खेळवा’ हा प्रयोग भारताने २०१७ मध्ये केला होता. १७ वर्षांखालील विश्वचषकाचे यजमानपद मिळाल्यावर २१ जणांचा संघ घडवण्यासाठी परदेश दौरे झाले. विश्वचषकात अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ असे पराभव झाले. कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला अनिकेत जाधव या संघात होता.

या मुलांना खरा फायदा झाला तो त्यानंतर. महासंघाने ‘इंडियन ॲरोज’ हा युवा संघ पुन्हा उभा करून आय-लीगमध्ये उतरवला. जॅकसन सिंग, सुरेश वांगजाम, अन्वर अली ही मुले तिथे आठवड्यामागून आठवडा मोठ्यांशी खेळली आणि पुढे वरिष्ठ भारतीय संघात पोहोचली. उझबेकिस्तानने ‘ऑलिंपिक’ संघाबाबत जे केले, तेच आपण आधी केले होते. फरक असा की २०२२ मध्ये आपण ॲरोज बंद केला.

विदर्भाच्या क्रिकेटमधून काय कळते?

छत्र बदलले की विकास होतो का, हे नागपूरकरांनी दुसऱ्या खेळात पाहिले आहे. क्रिकेटमध्ये विदर्भाची स्वतंत्र संघटना आहे. फुटबॉलमध्ये विदर्भातील जिल्हे महाराष्ट्राच्या, म्हणजे ‘विफा’च्या छत्राखाली येतात. त्यामुळे ‘फुटबॉलमध्येही विदर्भ वेगळा हवा’ ही भावना इथे नवी नाही. वेगळा संघ म्हणजे वेगळ्या जागा. राज्याच्या एका संघासाठी मुंबई, पुणे, कोल्हापूरशी स्पर्धा करण्याऐवजी आपला स्वतःचा संघ. या युक्तिवादात तथ्य आहे.

पण इतिहास पाहा. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी करंडकात स्वतंत्र संघ म्हणून खेळतो. पहिले विजेतेपद आले २०१७-१८ मध्ये. स्वतंत्र ओळख असूनही साठ वर्षे लागली. नंतर २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी आणखी दोन विजेतेपदे आली. पहिल्या विजेतेपदाच्या वेळी वसीम जाफरसारखे बाहेरचे अनुभवी खेळाडू सोबत होते. तिसऱ्या वेळी अंतिम सामन्यात १५३ धावा करणारा दानिश मालेवार आणि हंगामात विक्रमी ६९ बळी घेणारा हर्ष दुबे हे इथल्याच वयोगट संघांतून वर आलेले होते. छत्र साठ वर्षे तेच होते. मधल्या काळात निवासी अकादमी, वयोगटांची सलग साखळी आणि भरपूर सामने ही यंत्रणा उभी राहिली, आणि मग निकाल बदलले.

फुटबॉलमध्ये नागपूरकडे कच्चा माल नाही असेही नाही. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचे राहुल क्लब आणि यंग मुस्लिम ही लीगमधली जुनी नावे आहेत. विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘स्लम सॉकर’ला २०१६ मध्ये ‘फिफा’चा विविधता पुरस्कार मिळाला, आणि त्याच कामावर २०२२ मध्ये ‘झुंड’ हा चित्रपट आला. झोपडपट्टीतल्या मुलांपर्यंत चेंडू पोहोचवता येतो, हे या शहराने जगाला दाखवले आहे. त्या मुलांना दर आठवड्याला सामना मिळवून देणे ही त्यापुढची पायरी आहे.

मग भारताने काय करावे?

‘साफ’ सोडण्याची गरज नाही. सोडल्याने पात्रतेचा मार्ग बदलत नाही, आणि वयोगटातील व महिला संघांची एक हमखास स्पर्धा हातची जाते. त्याऐवजी तीन गोष्टी एकत्र करता येतील.

पहिली, युवा संघांनी दरवर्षी एका मध्य, पूर्व किंवा आग्नेय आशियाई स्पर्धेत पाहुणे म्हणून उतरावे. मलेशियाने माघार घेतली म्हणून मिळालेली संधी आणि दोन वर्षे आधी ठरवलेला करार यात फरक आहे.

दुसरी, ॲरोजसारखा संघ पुन्हा उभा करावा किंवा क्लबांना ठरावीक मिनिटे युवा खेळाडूंना खेळवणे बंधनकारक करावे. सतरा ते एकवीस या वयात सामने मिळाले नाहीत, तर त्याआधीची गुंतवणूक वाया जाते.

तिसरी गोष्ट दिल्लीत ठरणारी नाही. जिल्हा संघटना, जिल्हा क्रीडा कार्यालय आणि शाळा यांनी मिळून बाद पद्धतीच्या जागी गटवार साखळी आणायची आहे. त्यासाठी ‘फिफा’ची मंजुरी लागत नाही, कोणत्या उपमहासंघाचा ठरावही लागत नाही. चार मैदाने आणि चौदा रविवार लागतात.

कोलंबोत पेनल्टी मारणाऱ्या मुलाची आणि मनीषनगरच्या टर्फवर तासाच्या हिशेबाने खेळणाऱ्या मुलाची चणीत, वेगात फार तफावत नसेलही. पहिल्याच्या वाट्याला गेल्या चार वर्षांत किती सामने आले आणि दुसऱ्याच्या वाट्याला किती, एवढे मोजले तरी भारताचा प्रश्न ‘साफ’ की ‘काफा’ हा नाही, हे लक्षात येईल. येत्या ऑक्टोबरात जिल्ह्याचे वेळापत्रक लागेल, तेव्हा पालकांनी विजेत्या संघाचे नाव विचारण्याआधी पहिल्या फेरीत हरणाऱ्या संघाला पुढचा सामना कधी आहे, ते विचारावे.